इलारिया वहिनीची मुकी लामा

आमची इलारिया वहिनी मला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलंही होतं. माझा मोठा भाऊ दामियान खालच्या मितुपाता गावात मीठ आणायला गेला आणि मिठाऐवजी बायको घेऊन आला. मितुपाता हे कुंभारांचं गाव. हिच्या पाठीवर लोकरीच्या फडक्यात बांधलेले मातीचे बैल, कोंबडे आणि एक अस्वल, नखांच्या कडेला लाल माती. आम्ही वर पठारावर राहणारी, लामा-अल्पाका या लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या मागे फिरणारी माणसं. आमच्याकडे बाईच्या हाताला लोकरीचा वास यायला हवा. हिच्या हाताला ओल्या भिंतीचा वास येत होता.

"मीठ कुठाय?" मी दामियानला विचारलं.

"पुढच्या खेपेला."

"आणि ही कोण?"

दामियान तोंड उघडेपर्यंत तीच बोलली, "मी मीठ नाही, वन्सं. पावसात ठेवलंत तरी विरघळायची नाही."

लग्न व्हायच्या आधीच मला वन्सं म्हणून मोकळी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

तिची एक खोड होती. कुठलंही भांडं हातात आलं की आधी ती त्याला टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ऐकायची. आमच्या चुलीवरचं मडकं, पाण्याचा डेरा, लग्नात मिळालेली वाडगी, कशालाच तिने सोडलं नाही. आईचा आवडता डेरा तिने असाच वाजवून पाहिला आणि म्हणाली, "हा या हिवाळ्यात जाईल." गेला. आई म्हणाली, हिनेच नजर लावली. मलाही तेच वाटलं. एकदा मी वाकून चुलीत फुंकर घालत होते, तर हिने माझ्या कपाळावर टिचकी मारली आणि कान लावला.

"पोकळ आहे," म्हणाली, "पण तडा नाही."

मी तिच्याशी बरेच दिवस बोलले नाही. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

दुसरी खोड म्हणजे फुटकं खापर ती फेकू द्यायची नाही. घरात काही फुटलं की तुकडे ओच्यात गोळा करायची, दगडावर वाटून भुगा करायची आणि नव्या मातीत मळायची. त्याने भांडं आव्यात भाजताना तडकत नाही म्हणे. आमच्या धाकट्या भावाची बायको फेलिपा म्हणायची, "मेलेल्याला जिवंताच्या पोटात घालते ही." फेलिपाला बोलायला काहीतरी लागायचंच.

आता आमच्या घरच्या लामेबद्दल सांगायला हवं. ती मातीची होती, पण असल्या बाजारी बैला-कोंबड्यांसारखी नव्हे. सूर्य पहिल्यांदा उगवायच्या आधी जी माणसं या डोंगरांवर राहत होती, त्यांची ती. माझ्या खापरपणज्याला कड्याच्या कपारीत सापडली म्हणतात. रंगाने काळपट, पाठ अंगठ्यांनी झिजून गुळगुळीत झालेली. तिला दोन पोटं होती, एकामागे एक, मध्ये नळीने जोडलेली. पुढच्या पोटावर मान आणि डोकं, मागच्यावर तोटी. तोटीतून चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, ओतायची आणि लामेला हळूच पुढे झुकवायचं. चिचा मागच्या पोटातून पुढच्या पोटात जायची, आतली हवा मानेतून वर चढून नाकातून निघायची, आणि लामा शिट्टी घालायची. बारीक, लांब शिट्टी. एरवी गोंधळ घालणारी जनावरं ती ऐकून माना वर करायची.

ऑगस्टमध्ये जमीन तोंड उघडते, नैवेद्य मागते. तेव्हा सगळी जनावरं दगडी आवारात गोळा करून त्यांच्या कानांत नव्या फिती ओवायच्या, पण त्याआधी ही मातीची लामा तिच्या बोचक्यातून बाहेर काढायची. तिने शिट्टी घातली की समजायचं, डोंगराने आमचं मागणं ऐकलं. मग घरचा मोठा माणूस एका बोटावर खऱ्या लामाच्या छातीची चरबी घेऊन तिच्या तोंडाला लावायचा. वर्षातून तेवढाच तिचा घास. मग पुन्हा बोचक्यात.

बोचकं मोठ्या सुनेकडे राहतं, असा आमचा रिवाज. आई गेली आणि ते इलारियाकडे, तिच्या कोठीत आलं. मी या घरातली मुलगी, लग्न न करता इथेच राहिलेली, जनावरं मी वळते, पण बोचकं त्या मिठाऐवजी आलेलीकडे. असो. रिवाजाची दुसरी बाजूही सांगते. ज्या सुनेच्या हातून बोचक्याला दगा होतो ती माहेरी जाते. एकटी. जनावरं इथेच राहतात, मुलंही इथेच. इलारियाला एकच मुलगी होती, रुफिना. तेव्हा ती नुकती धावायला लागली होती आणि आईच्या परकराला मातीचे हात पुसायची.

त्या वर्षी सगळंच फिरलं होतं. पाऊस आला नाही, मग गारा आल्या. कोल्ह्यांनी उच्छाद मांडला. अल्पाकांची पिल्लं मेलेलीच जन्मत होती, आणि गंमत अशी की सगळ्यांची सारखी मरत नव्हती. फेलिपाची जास्त मेली, माझी कमी. मग फेलिपा माझ्याकडे बघायची, मी दामियानच्या कळपाकडे बघायची, आबा सगळ्यांकडे बघायचे. आबा म्हणजे आमचे वडील, तोरिबियो. आईच्या मागे ते घराबाहेर दगडावर बसून दिवसभर कोकाची पानं चघळायचे आणि कोण कुठे जातं येतं ते डोळ्यात तेल घालून पाहायचे. जेवताना जो तो दुसऱ्याच्या वाडग्यात किती बटाटे पडले तेही मोजल्यासारखं पाहत होता. अशा दिवसांत जुन्या वस्तू विकत घेणारा एक टोपीवाला आला.

वामांगा शहराकडून यायचा तो. पुढच्या वाडीत त्याने कोणाकडून जुनी वाडगी घेतली, कोणाकडून दगडाची मूर्ती. आमच्याकडे आला तो थेट इलारियाच्या अंगणात. मी भिंतीपलीकडे सूत कातत बसले. चाती फिरत होती आणि कान तिकडे होते.

"बाई, जुनं काही आहे का घरात? अगदी जुनं?"

"सासरे आहेत," इलारिया म्हणाली.

टोपीवाला हसला. तीही हसली. आता सांगा, हसायचं काय कारण? एवढ्या वाईट वर्षात परक्या माणसासमोर बाई हसते, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. मग तो म्हणाला, "असं म्हणतात की तुमच्याकडे वाजणारी लामा आहे." ती म्हणाली, "लोक काय, डोंगर चालतो असंही म्हणतात." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण रुफिना मध्येच रडायला लागली. तो गेला तेव्हा त्याच्या खेचराच्या पाठीवर काय होतं ते मला दिसलं नाही. फडकं घातलेलं होतं.

दुसरी गोष्ट. इलारिया आवा लावायची तो सणाच्या तोंडावर, जत्रेत माल न्यायला. टोपीवाला गेल्यावर थोड्याच दिवसांनी तिच्या मातीकामाच्या छपरामागून गोवऱ्यांचा धूर निघाला. जवळपास कुठलाच सण नव्हता. मी विचारलं, "काय भाजतेस?" ती म्हणाली, "चुका." म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही.

आणि तिसरी म्हणजे रुफिनाच्या अंगावर नवी शाल.

मी हे फक्त फेलिपाला सांगितलं आणि बजावलं, कोणाला बोलू नकोस. संध्याकाळपर्यंत आबांनी मला बोलावून टोपीवाल्याच्या खेचराचा रंग विचारला.

ऑगस्ट आला. जनावरं आवारात आली, घोंगडीवर कोकाची पानं, मका, फुलं, फिती मांडल्या. इलारियाने बोचकं आणून आबांसमोर ठेवलं. आबांनी गाठी सोडल्या, लामा घेतली, चिचा ओतली आणि झुकवली.

काहीच नाही. आत नुसती गुडगुड झाली. आबांनी तिला सरळ केलं, तोंडातल्या तोंडात डोंगरांची नावं घेतली, पुन्हा झुकवलं. पुन्हा गुडगुड. माझ्या जन्मात असं झालं नव्हतं. आबांच्याही झालं नव्हतं.

फेलिपा हळूच म्हणाली, "टोपीवाला शिट्टी घेऊन गेला वाटतं."

सगळ्यांनी इलारियाकडे पाहिलं. ती पुढे झाली. "मामंजी, माझ्याकडे द्या. मी बघते."

"तू हात लावू नकोस," आबा म्हणाले.

मग तिच्या छपराखाली शोध सुरू झाला. शोधणारी मीच होते, दुसरं कोण. कोपऱ्यात, गवताच्या पेंढ्याखाली, फडक्यात गुंडाळलेली वस्तू हाताला लागली. फडकं काढलं तर दोन पोटांची लामा. लाल, नवी, भाजलेली. मी ती दोन्ही हातांनी उचलून आवारात आणली आणि घोंगडीवर जुनीच्या शेजारी ठेवली. जनावरं तेवढी हुंकारत होती.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"नक्कल," इलारिया म्हणाली. "कितीतरी वेळा बिघडली, मग ही जमली. ती शिट्टी आत कशी बसवलीय ते मला कळत नव्हतं, आणि हात स्वस्थ बसेनात. आणि मातीची वस्तू आहे, मामंजी. एक दिवस फुटेल. तेव्हा घरात काहीतरी असावं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जे म्हणाला असता, ते आत्ता म्हणतच आहात."

"उत्तरं तयार आहेत हिची," फेलिपा म्हणाली.

दामियानने नव्या लामेत पाणी ओतलं आणि झुकवलं. ती वाजली. चांगली मोठ्याने वाजली. त्याला वाटलं असेल, यातून बायको सुटेल. झालं उलटंच.

"म्हणजे शिट्टी काढून हिच्यात बसवली," फेलिपा म्हणाली.

"मातीतली शिट्टी काढता येत नाही गं, ती काय कानातला डूल आहे?" इलारिया म्हणाली.

"मग ही लाल आहे तीच खरी. घासून वर काव फासली असेल. आणि बोचक्यातली ही दुसरी नक्कल, धुराने काळी केलेली."

"खरी इथेच ठेवली, तर मी विकलं काय?"

"विकणारच होतीस. पुढच्या खेपेला."

मी जुनी लामा हुंगून पाहिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चरबीचा वास येत होता. तसं मी सांगितलंही. धाकटा भाऊ म्हणाला, "चरबी कोणीही फासेल." पाठीवरचे अंगठ्यांचे झिजलेले खळगे मी बोटांनी चाचपले. आबा म्हणाले, "गारगोटीने घासून तेही करता येतं, तिचा धंदाच तो." खरं होतं. तिचा धंदाच तो. तिला जितकं येत होतं तितकी ती अडकत होती.

शेवटी आबांनीच तोड काढली. सूर्याआधीच्या माणसांची खापरं आमच्या शेतात नांगरताना निघतात. ती मोडली की आतून कोळशासारखी काळी असतात. इलारियाची भांडी फुटली की आरपार लाल. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणजे जुनी मोडून कड पाहिली की झालं.

"कान मोडा," इलारिया लगेच म्हणाली. "कानाची कड पुरेल."

"कान तू जुन्या खापराचा करून चिकटवला असशील."

ती घोंगडीजवळ सरकली. मग म्हणाली, "एकदा टिचकी तरी मारू द्या." आणि कोणी अडवायच्या आत वाकून तिने लामेच्या मानेवर टिचकी मारली, कान तिरका केला. "ही भरलेली आहे. मानेत काहीतरी बसलंय. चुलीच्या कोमट राखेत ठेवा, आपोआप मोकळी होईल."

"राखेत ठेवायची, ती तडकणार, आणि मग तू म्हणणार पुरावाच गेला," आबा म्हणाले.

"मामंजी, फोडलीत आणि जुनीच निघाली तर?"

"तर तू राहशील."

"आणि ती लामा?"

आबांनी गोटा उचलला. ती दामियानकडे वळली. "तू बोल काहीतरी."

"आबा ठरवतील," दामियान म्हणाला. माझा भाऊ वाईट नव्हता, पण त्या दिवशी मला तो दगडापेक्षा निकामी वाटला. इलारियाने रुफिनाला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरायला लागली.

आबांनी लामा दगडावर ठेवली आणि हातातल्या गोट्याने मारली. एकाच घावात गेली.

कड काळी होती. आरपार काळी. तुकडा फिरवून फिरवून पाहायची गरजच नव्हती, तरी आबा पाहत राहिले. खापरपणज्याच्या वेळेपासून, आणि त्याच्याही किती आधीपासून, जी शाबूत होती, ती आमच्या पायाशी पडली होती. आणि तिच्या तुटलेल्या मानेतून एक पिवळा, घट्ट, बोटाएवढा गोळा बाहेर आला होता.

इलारियाने रुफिनाला खाली ठेवलं आणि तो गोळा उचलला. चरबी होती. एका वर्षाची नव्हे, एका माणसाचीही नव्हे. तिने नखाने ती उलगडली. आत कोकाचं पान निघालं, घड्या घालून दाबलेलं, आबा डोंगराला देताना घालतात तशाच घड्या. त्याच्या खाली फेलिपाच्या जनावरांच्या कानात असते तसल्या हिरव्या फितीचा तुकडा. मक्याचा पांढरा दाणा. लाल लोकरीचा धागाही होता. तो कोणाचा ते मी सांगणार नाही.

त्या वाईट वर्षात आमच्यातल्या प्रत्येकाने गुपचूप कोठीत जाऊन लामेला भरवलं होतं. माझी पिल्लं वाचू दे, तिची गेली तरी चालतील. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच. तोंडाला चरबी, मग नाकाला, मग काडीने आत. आणि तिचा श्वास कोंडला.

सगळे खाली बघत होते. इलारियाने तो गोळा घोंगडीवर, फुलांच्या शेजारी ठेवला.

"कोठीची कडी रोज वेगळी लागलेली असायची," ती म्हणाली. "मला वाटलं उंदीर असतील."

आबांनी लाल लामेकडे बोट केलं. "ती नवी आहे ना. ती वाजते. ती बांध बोचक्यात."

"ती? ती तर चोरीचा पुरावा होती." तिने लाल लामा उचलली, एकदा झुकवली, आतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर ती जेमतेम वाजली, आणि तिने ती त्याच दगडावर आपटली. मग खाली बसून काळे आणि लाल तुकडे एकाच ओच्यात गोळा करायला लागली. मी मदतीला वाकले. "राहू दे, वन्सं," ती म्हणाली, "तुझं शोधणं झालं ना?"

मला वाटलं ती माहेरी जाणार. आता तिला कोणी पाठवत नव्हतं, तरी जाणार. सकाळी तिच्या छपराखालून वाटण्याचा आवाज आला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, आणि स्वतःचाच राग आला की हिच्या राहण्याचं मला काय एवढं. तिने ते सगळे तुकडे वाटले, भुगा मातीत मळला आणि नवी लामा केली. दोन पोटं, मान, तोटी, सगळं तसंच. रंग ना काळा ना लाल. भाजून गार झाल्यावर ती आबांसमोर ठेवली.

"वाजते?" आबांनी विचारलं.

"नाही. ही मुकी आहे. हिच्या आवाजावरून आता कोणी कोणाला घराबाहेर काढणार नाही."

आबांनी ती झुकवून पाहिली नाही. बोचकं बांधून तिच्याकडे दिलं. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत.

त्यानंतर दर ऑगस्टला आम्ही मुक्या लामेत चिचा ओतून झुकवत आलो. आत गुडगुड व्हायची. त्या क्षणी सगळे थोडे पुढे वाकायचे, फेलिपासुद्धा, आणि येणार नाही हे ठाऊक असलेली शिट्टी ऐकायला थांबायचे. इलारिया तेव्हा कोणाकडेच पाहायची नाही. मग आम्ही फिती ओवायला घ्यायचो. काही वर्षं चांगली गेली, काही वाईट. पण डोंगराने नाही म्हटलं, आता शोधा कोणी केलं, असं म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. भांडणं झाली ती साधी, कुरणावरून, पाण्यावरून. कोठीला कडी लावायचं तिने सोडून दिलं होतं.

माझं आणि तिचं मेतकूट जमलं असं मी म्हणणार नाही. मी तिच्या छपराखाली सूत कातत बसायची, ती मातीचे बैल करायची. तिचे बैल वामांगापर्यंत जायचे. मी म्हणायची, "शिंगं वाकडी झाली." ती म्हणायची, "तुझ्याकडे बघून केली." रुफिना मोठी झाली, शहरात गेली, तिथेच तिने लग्न केलं. दामियान आधी गेला. बोटं आखडली तरी इलारियाने माती सोडली नाही. या वर्षी थंडीत तिला खोकला झाला, तो उतरला नाही. शेवटच्या दिवसांत मीच तिला सूप भरवत होते. वाडगं हातात दिलं की आधी टिचकी.

"हे अजून टिकेल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली. वाडगं आहे.

बोचकं रुफिनाकडे जायचं असं ठरलं. सून नाही, मुलगी, पण आता एवढा रिवाज कोण बघतो. ती येईपर्यंत ते माझ्याकडे होतं. आयुष्यभर मला हवं होतं ते माझ्या मांडीवर होतं, आणि करायचं काय ते कळत नव्हतं. भरदुपारी अंगणात बसून मी गाठी सोडल्या. लामा हातात घेतली. सवय तर तिची, माझी नव्हे, पण बोट आपसूक गेलं. मी लामेच्या पोटावर टिचकी मारली. खणखणीत. मानेवर मारली. आवाज बसका आला.

भरलेली.

पाल चुकचुकायला मला वेळ लागत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मी चुलीतली राख उकरली, हात ठेवून पाहिला, कोमट होती. लामेला त्यात बसवलं आणि शेजारी बसून राहिले. जरा वेळाने तिच्या नाकातून चरबीचा एक थेंब निघाला, मग ओघळ. मी तो फडक्याने टिपत राहिले, संपेपर्यंत. मग चिचा आणली, तोटीतून ओतली आणि झुकवली.

ती वाजली. जुनीपेक्षा खालच्या सुरात, आणि जास्त वेळ. समोरच्या कुरणातल्या जनावरांनी चरणं थांबवून माना वर केल्या. त्यातल्या एकानेही तो आवाज आधी ऐकलेला नव्हता.

त्या बाईवर मी जन्मभर जेवढे संशय घेतले, त्यातला हा एकच खरा निघाला. तिने वाजणारी लामा केली, स्वतःच्या बोटाने चरबी घालून तिचं नाक बुजवलं, आणि दर ऑगस्टला आमच्या शेजारी बसून आम्हाला तसं पुढे वाकू दिलं. उपाय तर तिने सगळ्यांसमोर सांगून ठेवलेला होता. कोमट राख. एवढ्या वर्षांत कोणाला करून बघावंसं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही, आणि मी रोज तिच्या शेजारी बसत होते. मी तिथे चुलीपाशी खूप रडले.

नाक पुन्हा बुजवायला मी चरबी घेतली होती. तशीच ठेवून दिली. लामा पुसून बोचक्यात बांधली.

रुफिना आली. आईसाठी रडून झाल्यावर तिने बोचकं मांडीवर घेतलं आणि वरूनच चाचपलं.

"मुकीच आहे ना गं ही, आत्या?"

"मला काय विचारतेस," मी म्हटलं. "हातात घे आणि तूच बघ."